पाहुण्याच्या हातांतील वस्तु

गेल्या दिवाळींत नेहमींप्रमाणें आमच्या घरीं सगळें गोकुळ जमलें होतें. थोरले बंधु अण्णा, वहिनी, दोन्ही घरचे मुलगे, सुना आणि नातवंडें मिळून पंधरा-सोळा पानें सहज होत होतीं. भाऊबीजेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझा नातू, जो यंत्रशास्त्राचा अभ्यास करीत आहे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक जुना इंग्रजी चित्रपट लावण्याच्या खटपटीस लागला. विषय काय म्हणून विचारतां तो म्हणाला, "आजोबा, परग्रहावरचा एक माणूस आणि एक यंत्रमानव पृथ्वीवर शांततेचा निरोप घेऊन येतात." मी उठूं लागलों. ज्याचा जन्म मुलांकडून शब्दांचीं रूपें पाठ करून घेण्यांत गेला, त्याला उडत्या तबकड्यांचें कौतुक तें काय असणार? परंतु वहिनी म्हणाल्या, "बसा हो भाऊजी! आपलें पुष्पक विमान चालतें, तर त्यांची तबकडी कां चालूं नये?" ह्या युक्तिवादास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी बसलों, आणि बसलों तें बरें झालें, असें आज वाटतें.

चित्रपटाचें नांव 'द डे द अर्थ स्टूड स्टिल', म्हणजे ज्या दिवशीं पृथ्वी स्तब्ध झाली तो दिवस. रॉबर्ट वाइझ ह्या दिग्दर्शकाचा हा कृष्णधवल चित्रपट १९५१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. आरंभींच एक प्रचंड तबकडी वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागीं एका मैदानांत उतरते. पाहतां पाहतां सैन्याचा वेढा पडतो. रणगाडे, तोफा आणि बंदुका तिच्यावर रोखल्या जातात, आणि त्यांच्या मागें बघ्यांची ही गर्दी! बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग तबकडीचें दार उघडून एक पुरुष बाहेर येतो. त्याचें नांव क्लाटू. आपण शांततेच्या व सद्भावनेच्या हेतूनें आलों आहों, असें तो सांगतो, आणि अंगरख्यांतून कांहीं वस्तु काढून ती पुढें धरून चालूं लागतो. इतक्यांत ती वस्तु खटकन् उघडते. वेढ्यांतील एका शिपायाचा धीर सुटतो, गोळी सुटते, आणि पाहुणा जमिनीवर कोसळतो. हातांतील वस्तूचे तुकडे होतात.

लगोलग तबकडींतून यंत्रमानव बाहेर पडतो. त्याचें नांव गॉर्ट. सात फुटांहून अधिक उंच, सर्वांग धातूचें, चेहरा म्हणावा असा नाहींच. त्याच्या डोळ्यांच्या जागेवरील झांकण वर सरकतें आणि तेथून निघालेल्या किरणांनीं बंदुका, तोफा व रणगाडे वितळून जातात. मात्र त्या बंदुका धरणाऱ्या शिपायांपैकीं एकासही इजा होत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जखमी क्लाटू त्याला आपल्या भाषेंत थांबावयास सांगतो. मग तुटलेली वस्तु दाखवून तो म्हणतो कीं, ही तुमच्या राष्ट्राध्यक्षांसाठीं आणलेली भेट होती. हिच्या योगें त्यांना इतर ग्रहांवरील जीवनाचा अभ्यास करतां आला असता.

आमच्या दिवाणखान्यांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग नऊ वर्षांच्या धाकट्या नातीनें विचारलें, "पण त्याच्या हातांत काय आहे, तें त्यांनीं आधीं विचारलें कां नाहीं?"

वाचकहो, सारा चित्रपट संपला तरी हा प्रश्न माझ्या डोक्यांतून गेला नाहीं. त्याचें उत्तर मोठ्या माणसांना वाटतें तितकें सोपें नाहीं.

पहिलें उत्तर त्या काळांत सांपडतें. हिरोशिमावर अणुबाँब पडून तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. १९४९ च्या ऑगस्टमध्यें रशियानेंही आपला पहिला अणुस्फोट केला होता, आणि १९५० च्या जूनपासून कोरियांत युद्ध पेटलें होतें. अशा दिवसांत आकाशांतून कांहीं उतरलें कीं तें शत्रूचेंच असावयाचें, ही बुद्धि माणसाच्या हाडांत मुरली होती. चित्रपटांत क्लाटू सर्व राष्ट्रांच्या प्रमुखांस एकत्र बोलवा म्हणतो, तर बैठक कोणाच्या राजधानींत भरवावी ह्यावरच घोडें अडतें! आमच्या गांवच्या सभांतून अध्यक्ष कोणी व्हावें, ह्यावर जे तास खर्ची पडत, त्यांची मला आठवण झाली. शेवटीं तो रुग्णालयांतून निसटून सामान्य माणसांत एका खाणावळवजा घरीं खोली घेऊन राहतो. तेथील एका लहान मुलाशीं त्याची गट्टी जमते. ह्या मुलाचा बाप दुसऱ्या महायुद्धांत इटलींत मारला गेलेला असतो. तो मुलगा पाहुण्यास बापाचें थडगें दाखवितो, आणि परग्रहावरच्या माणसास पृथ्वीवरील युद्धाचा अर्थ तेथें समजतो.

नातवानें मागाहून आणखी माहिती सांगितली. ह्या चित्रपटाचें मूळ हॅरी बेट्स ह्या लेखकाच्या १९४० सालच्या एका कथेंत आहे. त्या कथेंत पाहुण्यावर गोळी झाडणारा शिपाई नसून एक भ्रमिष्ट माणूस आहे. आपल्याला मारावयास सैतानच आला आहे, असें त्याला वाटतें. पाहुणा तत्काळ मरण पावतो. आणि कथेच्या शेवटीं उलगडतें कीं, ज्याला सर्वजण नोकर समजत होते तो यंत्रमानवच खरा धनी होता! 'रोबो' हा शब्दही मुळांत चाकरीचाच. कारेल चापेक ह्या चेक नाटककारानें १९२० सालीं लिहिलेल्या नाटकांतून तो जगभर गेला. त्याच्या मुळाशीं असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. म्हणजे दारीं आलेला कोण आहे, धनी कीं चाकर, मित्र कीं शत्रु, ह्यांपैकीं एकही गोष्ट नीट न पाहतां माणसानें हात उचलला, असाच दोन्ही कथांचा मथितार्थ आहे.

नातीच्या प्रश्नाचें दुसरें उत्तर मला आपल्या जुन्या ग्रंथांत सांपडतें. दूताला मारूं नये, हा दंडक आपल्याकडे किती जुना आहे! सुंदरकांडांत रावण हनुमंताच्या वधाची आज्ञा देतो, तेव्हां बिभीषण उठून सांगतो कीं, दूतास दुसऱ्या शिक्षा सांगितल्या आहेत, वध सांगितलेला नाहीं. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, दूत कोणत्याही जातीचा असो, तो अवध्य आहे. कारण तो बोलतो तें दुसऱ्याचें वाक्य असतें. ही केवळ दया नव्हे. ज्या वाटेनें निरोप येतो ती वाटच तोडली, तर पुढें तह करावयाचा कोणाशीं व कसा? म्हणूनच १९६१ सालच्या व्हिएन्ना येथील करारांतही राजदूताचा देह अनुल्लंघनीय मानलेला आहे.

तरीही दूतावर हात टाकण्याचे प्रसंग घडले, आणि ते दोन प्रकारचे आहेत. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण पांडवांतर्फे शिष्टाईस आले असतां दुर्योधनानें त्यांना बांधण्याचा बेत केला. सात्यकीला तो कळला म्हणून भर सभेंत उघडकीस आला. हा पहिला प्रकार, जाणूनबुजून केलेल्या अधर्माचा. वॉशिंग्टनच्या मैदानांतील शिपाई दुर्योधन नव्हे. त्याच्या मनांत कांहीं कपट नव्हतें. त्याचा हात थरथरत होता, इतकेंच. हा दुसरा प्रकार, भयाचा. दुर्योधनास निदान विदुर, भीष्म, गांधारी सांगावयास होतीं. भ्यालेल्या माणसास सांगण्यास वेळच नसतो. त्याचें बोट त्याच्या बुद्धीच्या आधीं पोंचतें. पहिल्या प्रकारच्या माणसांचा आपण धिक्कार करतों आणि आपण त्यांतले नाहीं म्हणून समाधान मानतों. दुसऱ्या प्रकारांत मात्र आपणां सर्वांचा समावेश होतो.

हें मी इतक्या ठामपणें कां म्हणतों, तें सांगितलें पाहिजे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. आदल्याच दिवशीं माझ्या टेबलाच्या खणांत कोणी व्रात्य मुलानें जिवंत विंचू सोडला होता. माझा हात थोडक्यांत वांचला. दुसऱ्या दिवशीं आठवीच्या वर्गांत मी फळ्याकडून वळतों, तों मागच्या बांकावरचा एक अबोल मुलगा न विचारतां उठून माझ्या टेबलाशीं येऊन उभा राहिलेला. उजव्या हाताची मूठ मिटलेली, आणि ती तो माझ्यापुढें धरीत होता. मीं त्याचें मनगट धरलें आणि दुसऱ्या हातांतील लांकडी पट्टी त्याच्या बोटांवर जोरानें मारली. मूठ उघडली. टेबलावर बकुळीचीं फुलें सांडलीं.

त्याच आठवड्यांत धड्यांत 'बकुल' हा शब्द आला होता, आणि "हें फूल तुमच्यापैकीं कोणीं पाहिलें आहे का?" असें मींच वर्गास विचारलें होतें. त्या वेळीं कोणीच हात वर केला नव्हता. हा मुलगा सकाळीं पावसांतून कोठें तरी जाऊन तीं वेंचून घेऊन आला होता.

तो रडला नाहीं. त्यानें फुलें गोळा केलीं, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलीं आणि जागेवर जाऊन बसला. मी धडा पुढें चालू केला. शिक्षकानें वर्गासमोर चूक कबूल केली तर शिस्त राहत नाहीं, असें मला तेव्हां वाटत होतें. त्यानंतर शाळा सोडीपर्यंत तो मुलगा माझ्याशीं आपण होऊन एक शब्द बोलला नाहीं. विचारलें तर उत्तर देई, आणि तें बहुधा बरोबर असे.

चित्रपट थोडा थांबवून मीं ही हकीकत घरांतील मंडळींस सांगितली. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत हें तुम्ही मला कधींच बोललां नाहींत." नातीनें मात्र सरळच विचारलें, "मग आजोबा, तुम्ही त्याला 'सॉरी' म्हणालांत का?" मीं म्हटलें, "नाहीं." ती पुढें कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

मला त्या वेळीं हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानें सांगितलेली एक कथा आठवली. इराणच्या दारयवहु राजाचे दूत शरणागतीची खूण म्हणून माती व पाणी मागावयास स्पार्टांत आले, तेव्हां तेथील लोकांनीं त्यांना विहिरींत लोटून दिलें. माती-पाणी तेथेंच घ्या म्हणाले. पुढें स्पार्टास यज्ञांत शुभ कौल मिळेनात. तेव्हां त्या पापाच्या फेडीसाठीं दोघे कुलीन स्पार्टन आपण होऊन इराणांत गेले आणि दारयवहूचा पुत्र झर्क्सिस ह्याच्यापुढें उभे राहिले. त्यानें त्यांना मारलें नाहीं. ज्या कृत्याबद्दल स्पार्टाला दोष द्यावयाचा तेंच कृत्य आपण करणार नाहीं, आणि ह्यांना मारून स्पार्टाला दोषमुक्तही करणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर देऊन त्यानें त्यांना परत पाठविलें. शत्रूच्या तोंडीं आलेलें हें उत्तर केवढें मार्मिक आहे! केलेल्या चुकीचें ओझें दुसऱ्या कोणाच्या हातून उतरत नाहीं. परंतु ते दोघे चालत गेले, त्यांनीं आपली मान पुढें केली, ह्याचें मोल मुळींच कमी होत नाहीं.

आतां चित्रपटाच्या शेवटाविषयीं. क्लाटूवर पुन्हां गोळ्या झाडल्या जातात, आणि ह्या वेळीं तो मरतो. ज्या घरीं तो उतरला होता तेथील त्या मुलाची आई धीर करून गॉर्टपुढें जाते आणि पाहुण्यानें शिकविलेले परके शब्द उच्चारून त्याचा कोप आवरते. तत्पूर्वीं त्याच्या हातून दोन पहारेकरी नाहींसे झालेले असतात. यंत्रमानव आपल्या सोबत्याचा देह उचलून आणतो व त्यास तात्पुरता सजीव करतो. मग क्लाटू जमलेल्या शास्त्रज्ञांपुढें आपला निरोप सांगतो. त्याच्याकडील ग्रहांनीं असे यंत्रमानव पहारेकरी म्हणून नेमले आहेत आणि आक्रमणाच्या बाबतींत त्यांना संपूर्ण अधिकार दिला आहे. जो कोणी हात उगारील त्याचा ते नाश करतील. पृथ्वीनें आपली भांडणें अंतराळांत आणलीं, तर तिची राख होईल. निवड तुमची, असें सांगून तो निघून जातो.

येथें आमच्या घरांत दोन तट पडले. नातू म्हणाला, "न्याय यंत्राच्या हातीं दिला तर पक्षपात होणार नाहीं." अण्णा म्हणाले, "दंडावांचून प्रजा वठणीवर राहत नाहीं, हें आपल्या शास्त्रकारांनींही सांगितलेंच आहे." दोघांचें म्हणणें अगदीं खोटें आहे असें नाहीं. तथापि मला हा शेवट पटला नाहीं. कथेंतील सारा अनर्थ भयापासून सुरू झाला. एक भ्यालेला शिपाई शांततेचा निरोप ऐकण्याआधींच गोळी झाडतो. त्यावर उपाय म्हणून सगळ्या पृथ्वीस त्याहून मोठें भय घालावयाचें, ह्यानें भ्यालेले हात थरथरावयाचे थांबतील कीं अधिकच थरथरतील? छडीच्या धाकानें शांत राहिलेला वर्ग मास्तर पाठमोरा होतांच काय करतो, हें मला चांगलें ठाऊक आहे. खणांतला विंचूही अशाच वर्गांतून आला होता. मला त्या यंत्रमानवाचें पहिलें कृत्यच अधिक शहाणपणाचें वाटतें. त्यानें शस्त्रें वितळविलीं व माणसें राखलीं, आणि सोबत्यानें थांब म्हणतांच तो थांबला.

ही सारी कल्पनासृष्टि आहे, तिचा आमच्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. मींही तसेंच म्हटलें असतें. परंतु नातवानें त्या रात्रीं एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. असा पाहुणा पृथ्वीवर कधीं आला नसेल. पण आपण मात्र आपले पाहुणे केव्हांच रवाना केले आहेत. १९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सोडलीं. त्यांत माणूस नाहीं, यंत्रेंच आहेत. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी बसविली आहे. तिच्यांत पंचावन्न भाषांतील अभिवादनें आहेत, आणि त्यांत आपली मराठीही आहे! जगांतील निवडक संगीतांत गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्यांनीं गायिलेली भैरवी आहे. योगायोग असा कीं, केसरबाई त्याच वर्षीं निवर्तल्या. व्हॉयेजर-१ नें २०१२ सालीं सूर्याच्या वाऱ्याचें क्षेत्र ओलांडलें, व्हॉयेजर-२ नें २०१८ सालीं. पहिल्या यानास दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जावयास सुमारें चाळीस हजार वर्षें लागतील, आणि तेंही दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतरावरूनच जाईल.

म्हणजे त्या दूरच्या कोणास आपलें यान दिसलेंच, तर त्यांच्या दृष्टीनें परग्रहावरचा यंत्रमानव आपणच! त्याच्या पुढें केलेल्या हातांत भेट आहे, हें त्यांना कसें कळावें? तबकडी कशी वाजवावी ह्याच्या आकृति तिच्या आवरणावर कोरल्या आहेत खऱ्या. पण त्या वाचण्यासाठीं पाहणाऱ्यानें आधीं थांबलें पाहिजे. ज्यांनीं ती पाठविली त्यांनीं एवढाच भरंवसा धरला आहे कीं, तेथें कोणी असेल तर तो मारण्याआधीं विचारील.

असा भरंवसा परक्याकडून ठेवावयाचा, तर तो आपल्या अंगणांत आधीं खरा केला पाहिजे. दारीं आलेला अनोळखी माणूस, नव्यानें घरांत आलेली सून, वेगळी भाषा बोलणारा शेजारी, न सांगतां उठून पुढें आलेला मुलगा, ह्यांपैकीं कोणाच्या मुठींत काय आहे, तें आपल्याला ठाऊक नसतें. विंचू कधींच नसतो असें मी म्हणणार नाहीं. मीं तो पाहिला आहे. पण "काय आणलेंस, बाळ?" एवढे शब्द उच्चारावयास किती वेळ लागतो? तेवढा वेळ मजपाशीं त्या दिवशीं होता.

दिवाळीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याकडून मीं त्या मुलाचा पत्ता मिळविला. आतां तो पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. त्याला मीं एक पत्र लिहिलें. त्यांत कांहींही सबब सांगितली नाहीं, विंचवाचाही उल्लेख केला नाहीं. फुलें बकुळीचींच होतीं, तुझें उत्तर बरोबर होतें, आणि मीं चुकलों, इतकेंच लिहिलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. नात रोज शाळेंतून आली कीं विचारते, "आजोबा, पत्र आलें का?" तिला मी सांगतों, "नाहीं, बाळ. पण आपलें रवाना झालें आहे."